नाव बदलायचे की दुरुस्त करायचे, हे आधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘नावात बदल’ या मथळ्याखाली नेहमी दोन-चार निवेदने असतात. जुने नाव, नवे नाव, ‘यापुढे मी याच नावाने ओळखली जाईन’ आणि खाली पत्ता. जाहिरात देणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी असते की हे कात्रण आणि नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र मिळाले की नाव बदलले. मग आधार केंद्रावर किंवा बँकेत ते कात्रण परत केले जाते आणि माणूस एजंट गाठतो. हे टाळता येण्याजोगे आहे. दहावी-बारावीचे अर्ज, प्रवेश आणि लग्नसराई या दिवसांत ही धावपळ सर्वांत जास्त असते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हिच्याच बाबतीत आहे. दुरुस्ती आणि बदल ही दोन वेगळी कामे आहेत. जन्मनोंदीत ‘सुनीता’ आहे आणि शाळेच्या दाखल्यावर कारकुनाच्या हातून ‘सुनिता’ पडले, वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’ऐवजी ‘दत्तात्रेय’ झाले, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर ‘व्ही’ने आणि दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने आहे, ही झाली चूक. ती जिथे झाली त्याच कार्यालयात, मूळ पुरावा दाखवून दुरुस्त करून घ्यायची. त्यासाठी राजपत्राची, म्हणजे शासनाच्या गॅझेटची, गरज नाही. उलट अशा वेळी राजपत्रात ‘बदल’ प्रसिद्ध केला, तर जे नाव मुळात तुमचे कधी नव्हतेच ते तुम्ही स्वतःहून ‘जुने नाव’ म्हणून मान्य केल्यासारखे होते. पुढे प्रत्येक ठिकाणी ते राजपत्र सोबत न्यावे लागते.

बदल म्हणजे पूर्वीचे नाव बरोबरच होते, पण आता दुसरे हवे आहे. आडनाव बदलायचे आहे, जातिवाचक किंवा हिणवणारे नाव टाकायचे आहे, वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव लावायचे आहे, लग्नानंतरचे नाव घ्यायचे किंवा सोडायचे आहे. इथे राजपत्र लागते.

आपल्या देशात नाव बदलण्यासाठी सर्वांना लागू असा एकच केंद्रीय कायदा नाही. महाराष्ट्रात ही व्यवस्था शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयामार्फत चालते. मुंबईत चर्नी रोडला त्याचे मुख्य कार्यालय आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि नाव महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्ध होते. हा भाग साप्ताहिक असतो, गुरुवार ते बुधवार असा त्याचा आठवडा धरतात. छायाचित्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, जुन्या नावाचा पुरावा आणि बदलाचे कारण दाखवणारा कागद एवढे मुख्यतः लागते. शुल्क ऑनलाइनच भरायचे असते. राज्याच्या राजपत्रासाठी वृत्तपत्रातील जाहिरात ही पूर्वअट नाही, हे इथे मुद्दाम सांगते. केंद्राच्या राजपत्राचा मार्ग निराळा. तिथे नाव भाग चारमध्ये येते आणि प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहिरात व दोन साक्षीदार लागतात. दिल्लीत सिव्हिल लाइन्सला असलेला प्रकाशन विभाग ते काम पाहतो. पासपोर्टसाठी केंद्राचेच राजपत्र लागते असे काही एजंट सांगतात. ते खरे नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या सामान्य नागरिकाला राज्याचे राजपत्र पुरते. केंद्र सरकारच्या नोकरीत असणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या आस्थापना शाखेला विचारावे, कारण त्यांच्यासाठी वेगळी कार्यपद्धती ठरलेली आहे.

राजपत्र म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. शासन अर्जदाराच्या सांगण्यावरून मजकूर छापते आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी आपल्यावर नाही, अशी सूचनाही त्याच अंकात देते. म्हणजे राजपत्र तुमचा नवा जन्मदाखला होत नाही. ‘अमुक नावाची व्यक्ती आणि तमुक नावाची व्यक्ती एकच आहे’ हे सांगणारा तो दुवा आहे. दुवा दोन्ही टोकांना जुळावा लागतो, आणि सर्वाधिक अर्ज फसतात ते जुन्या टोकाला.

‘जुने नाव’ या रकान्यात नेमके काय लिहायचे? घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाही, आधारवर आहे म्हणून तेही नाही. तुमच्या सर्वांत जुन्या भक्कम कागदावर, म्हणजे जन्मदाखल्यावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे आहे, अक्षरशः तेच. इथे मराठी नावांची खास अडचण येते. राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, एक आडनावाचा आणि दुसरा उरलेल्या सगळ्याचा. काहींच्या पॅनवर मधले नाव फक्त आद्याक्षराने असते. राजपत्रात जुने नाव ‘पाटील एस. आर.’ असे दिले, तर दहावीच्या प्रमाणपत्रावरचे पूर्ण नाव आणि राजपत्रातले नाव यांचा मेळ लागत नाही आणि तो कागद निरुपयोगी ठरतो. जुने आणि नवे दोन्ही नावे पूर्ण लिहा, आद्याक्षरे वापरू नका, आणि रोमन लिपीतले स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. पॅन, बँक, पासपोर्ट ही सगळी कामे त्या स्पेलिंगवर चालतात.

एकाच व्यक्तीचे तीन कागदांवर तीन प्रकारे नाव असेल तर ती सगळी नावे राजपत्रात ‘उर्फ’ लावून कोंबू नयेत. मूळ कागदावरचे नाव जुने नाव म्हणून द्यावे. बाकीच्या किरकोळ फरकांसाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे. आणि प्रसिद्ध झाल्यावर अंक उतरवून घेऊन लगेच वाचावा. छपाईत चूक असेल तर शुद्धिपत्रासाठी तेव्हाच अर्ज करावा. वर्षभराने पासपोर्टच्या खिडकीवर ती सापडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रतिज्ञापत्रांच्या खर्चाबाबतही एक सांगायला हवे. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अनेक दस्तांसाठी १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला. तेव्हापासून साध्या शासकीय कामाच्या प्रतिज्ञापत्रासाठीही लोकांकडून ५०० रुपयांचा कागद मागितला जातो. वास्तविक जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व यांच्या दाखल्यांसाठी आणि शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केले आहे. ती साध्या कागदावर करता येतात. गरीब घरातल्या विद्यार्थ्याचे पाचशे रुपये असे जाताना पाहून वाईट वाटते. तहसील कार्यालयांनी आणि सेतू केंद्रांनी ही माफी ठळक अक्षरांत दर्शनी भागात लावावी.

आता मुलांविषयी. पालक सर्वांत मोठी चूक करतात ती उशिराची. जन्म नोंदवताना बाळाचे नाव ठरलेले नसेल तर नोंद नावाशिवाय होते आणि ते चालते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार नाव नंतर घालता येते. पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १५ वर्षे उलटलेल्यांसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिली आहे, ती चालू आहे का हे निबंधकाकडे विचारावे. पण एकदा नाव नोंदले गेले की ‘आता दुसरे आवडले’ म्हणून ते बदलून मिळत नाही. कलम १५ खाली निबंधकाला चुकीची किंवा खोटी नोंद दुरुस्त करता येते, तीही मूळ नोंद न खोडता समासात. पसंती बदलणे ही चूक नव्हे. म्हणून रुग्णालयाच्या फॉर्मवर घाईने काहीतरी नाव लिहून देण्यापेक्षा रकाना कोरा ठेवलेला बरा. १ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, शासकीय नोकरी अशा कामांना जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्यावरचे नाव आता जन्मभर पुरणार आहे.

आईच्या नावाच्या निर्णयाचाही असाच गैरसमज झाला आहे. राज्याने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नावे बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने शासकीय कागदपत्रांवर लिहायची. निर्णय चांगला आहे. पण तो त्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांवर आपोआप लागू होत नाही. पाचवीतल्या मुलीच्या आधारमध्ये आईचे नाव मध्ये घालून आणले आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये जुनेच राहिले, की दहावीच्या अर्जाच्या वेळी दोन्ही जुळत नाहीत. आधी जन्मलेल्यांना हा क्रम हवा असेल तर त्यांनी राजपत्राच्याच वाटेने जावे आणि मग सगळे कागद एकामागोमाग बदलावेत.

शाळेतला बदल शाळेत असतानाच करा, हे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगेन. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे विद्यार्थी शाळेत शिकत असताना मुख्याध्यापकांकडे अर्ज, त्यांच्यामार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आणि मग जनरल रजिस्टरमध्ये नोंद, असा सरळ मार्ग आहे. शाळा सोडल्याचा दाखला एकदा दिला गेला की उघड लेखनदोष वगळता रजिस्टरला हात लावणे फार अवघड होते. दहावीच्या परीक्षेआधी मंडळ शाळेकडे विद्यार्थ्यांची प्री-लिस्ट, म्हणजे नावांची कच्ची यादी, तपासायला पाठवते. त्यावर विद्यार्थ्याने आणि शक्यतो पालकांनीही नाव, आईचे नाव, स्पेलिंग वाचून मगच सही करावी. वर्गात घाईघाईत सह्या घेऊन ती यादी परत पाठवली जाते, आणि जी चूक तिथे एका मिनिटात सुधारली असती तिच्यासाठी पुढे विभागीय मंडळाच्या फेऱ्या माराव्या लागतात. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी मुलांना जन्मदाखल्याची किंवा आधारची प्रत घेऊन यायला सांगितले तरी निम्मे प्रश्न मिटतील.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्रावरचे नाव बदलता येते का? सीबीएसईच्या प्रमाणपत्रांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. आपल्या नावावर आपला अधिकार असणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. दुरुस्ती शाळेच्या नोंदींशी किंवा सार्वजनिक दस्तऐवजांशी सुसंगत असेल तर मंडळाने ती करावी. पूर्ण नवे नाव घेतले असेल तर मंडळ न्यायालयाची घोषणा व राजपत्र मागू शकते आणि नव्या प्रमाणपत्रावर जुन्या नावाची नोंदही ठेवू शकते. मंडळाला पूर्ण दार बंद करता येणार नाही, हा त्याचा गाभा. तरीही विवाहानंतरच्या नावासाठी दहावीचे किंवा पदवीचे प्रमाणपत्र बदलायला जाऊ नये. ते तुम्ही त्या वेळी ज्या नावाने परीक्षा दिलीत त्याचा पुरावा आहे. प्रमाणपत्र आणि राजपत्र एकत्र जोडले की काम होते. खरेदीखताचेही तेच. जुन्या नोंदणीकृत दस्तात नाव बदलून मिळत नाही, राजपत्र सोबत ठेवावे. सातबारावर मात्र फेरफार अर्ज देऊन नवे नाव लावता येते, तो आता महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही करता येतो. सातबारावरची चूक ही निव्वळ लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. इथेही दुरुस्ती आणि बदल यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

विवाहित स्त्रियांसाठी एक-दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. बँकेत, रेशन दुकानात किंवा सोसायटीत ‘बदलावेच लागेल’ असे सांगितले तर ते ऐकू नये. ज्यांना बदलायचे आहे त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र नीट पाहावे. त्यावर वधूचे नाव लग्नाआधीचे असते. लग्न झाले हे ते सिद्ध करते, नवे नाव काय हे नाही. फक्त पतीचे नाव आणि आडनाव लावायचे असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट ही कार्यालये विवाह प्रमाणपत्रावर काम करतात. पण आपल्याकडे अजून काही घरांत तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून पहिलेच नाव बदलतात. सासरचे ‘मृणाल’ हे नाव विवाह प्रमाणपत्रात कुठेच नसते, त्यामुळे माहेरची ‘वैशाली’ आणि सासरची ‘मृणाल’ एकच आहे हे सांगणारा कागद राजपत्राशिवाय दुसरा नाही. वीस-पंचवीस वर्षांनी निवृत्तिवेतन, वारसाहक्क किंवा माहेरच्या जमिनीत हिस्सा मागताना हा प्रश्न येतो आणि तेव्हा पुरावे जमवणे फार कठीण जाते. अशा स्त्रियांनी राजपत्र आजच करून घ्यावे. घटस्फोटानंतर पूर्वीचे नाव घेताना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, ती निकालानंतर लगेच काढून ठेवावी.

राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांनी आडनाव बदलण्याआधी दहादा विचार करावा असे मी म्हणणार नाही. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यामागची कारणे खरी असतात. पण जात पडताळणी समिती वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या व महसुली नोंदी पाहते. त्यात एक आडनाव आणि अर्जदाराचे दुसरे असले तर नाते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. म्हणून शक्य असेल तर वैधता प्रमाणपत्र आधी घ्यावे, बदल नंतर करावा. तसे जमत नसेल तर वडिलांच्या पिढीचे राजपत्र, वंशावळ आणि जुन्या नावाचे मूळ दाखले एका फाइलमध्ये जपून ठेवावेत. नाव बदलल्यावर जुने कागद फाडून टाकणारी घरे आहेत. तसे करू नये. नव्या नावाला आधार जुन्याच कागदांचा असतो.

राजपत्र हाती आल्यावर कुठून सुरू करायचे? आधारपासून. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, आणि किरकोळ स्पेलिंगची दुरुस्तीही त्यात मोजली जाते. कुणी आज एक अक्षर सुधारते, लग्नानंतर आडनाव बदलते आणि मग खऱ्या गरजेच्या वेळी प्रादेशिक कार्यालयाकडे विशेष विनंती करत बसावे लागते. राजपत्र प्रसिद्ध होईपर्यंत आधारला हात लावू नये आणि मग एकदाच, अंतिम रूपात बदलावे. केंद्रावर मूळ राजपत्रासोबत जुन्या नावाचे ओळखपत्रही न्यावे. पावती घेण्याआधी पडद्यावरचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही नाव वाचावे, कारण मराठीचे रूपांतर यंत्र आपोआप करते आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो.

आधारनंतर पॅन. दोन्हींवरचे नाव जुळले नाही तर जोडणी अडते. त्यानंतर बँक. हा क्रम उलटा झाला, बँकेत नवे नाव आणि पॅनवर जुने असे झाले, तर प्राप्तिकराचा परतावा खात्यात जमा न होता अडकतो. नोकरदारांनी भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीतही नाव बदलून घ्यावे आणि शासकीय कर्मचाऱ्यांनी सेवापुस्तकात नोंद झाल्याची खात्री करावी. मतदार यादीसाठी नमुना ८. पासपोर्ट शेवटी, आणि तो नवा नव्हे तर ‘पुनर्वितरण’ (री-इश्यू) म्हणून मागायचा. तोवर नव्या नावाची दोन ओळखपत्रे हाती आलेली असतात. वृत्तपत्रातल्या जाहिरातीची कात्रणे उपयोगी पडतात ती बहुधा इथे. त्यासाठी पूर्ण पानच जपावे, दैनिकाचे नाव आणि तारीख दिसली पाहिजे. मधल्या काळात परदेश प्रवास ठरला असेल तर तिकीट जुन्या पासपोर्टच्या नावानेच काढावे.

गोव्यातल्या वाचकांना हे सगळे लागू नाही. तिथे १९९० पासून नाव व आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार अर्ज होतो, सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवतात आणि मग निर्णय होतो. महाराष्ट्रात नोकरीसाठी आलेल्या गोवेकराने इथे नुसते राजपत्र काढून गोव्यातली जन्मनोंद बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. ‘नावात बदल’ या जाहिरातींच्या स्तंभावर आपण एक कायमची ओळ छापावी: ‘केवळ या जाहिरातीने नाव कायदेशीररीत्या बदलत नाही, राजपत्रात प्रसिद्धी आवश्यक आहे.’ जाहिरात घेणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनीही ग्राहकाला एवढे विचारावे की ती पासपोर्टसाठी हवी आहे की अन्य कशासाठी, आणि जुने नाव मूळ दाखल्यावरून उतरवून घ्यावे. शालेय शिक्षण विभागाने प्री-लिस्ट तपासणीला पालकांना शाळेत बोलावण्याचे परिपत्रक काढावे, अशी मागणी आपण अग्रलेखातून केलीत तर तिचा नक्की उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, ठाणे